रिटायरमेंटचं गाव पावसाळ्यात बघा

ऑफिसातल्या दोघीतिघी पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, ताई तुम्ही तर दापोलीला जाणार होतात ना, मग सातारा मधेच कुठून आलं? फोनवर प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगून झालं, आता एकदाच सगळं नीट लिहून काढते म्हणजे ज्याला वाचायचंय तो वाचेल. लांबेल थोडं, पण ह्या विषयात घाई करून चालत नाही हे मी अनुभवाने सांगतेय.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण स्वस्त काय आणि महाग काय हे ज्याच्या त्याच्या खिशावर असतं. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून 2022 ला 58 व्या वर्षी रिटायर झाले, जुनी पेन्शन आहे, कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला त्याची) कपात जाऊन हातात साधारण 38 हजार पडतात. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते, त्यांची ईपीएसची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून मिळणारी पेन्शन महिन्याला 2,640 रुपये, म्हणजे त्यांच्या औषधांनाही पुरत नाही. ह्यांना अकरा वर्षांपासून डायबेटिस, त्यातली चार वर्षं इन्सुलिन. लेक-जावई पुण्यात. आणि डोंबिवलीत आमचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. 1994 ला घेतला तेव्हा लिफ्टचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आता भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागतं.

डोंबिवली सोडायची हे ठरलेलंच होतं. एवढी वर्षं लोकलने गेले-आले, प्लॅटफॉर्मवरची ती गर्दी आता अंगावर येते, आणि रिटायर झाल्यावरही कुठे जायचं म्हटलं की तीच लोकल. कुठे जायचं हेही ठरलेलं होतं. दापोली! वीस वर्षं आम्ही दर डिसेंबरात दापोलीला जायचो, कधी मुरुड, कधी कर्दे, कधी आंजर्ले. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा, ह्यांनी सुरमई पारखून घ्यायची आणि मुक्कामाच्या घरच्या काकूंनी ती करून वाढायची. थंडी छान, हवा स्वच्छ, लोक साधे. मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. आम्ही दोघं तिथे बसून म्हणायचो, रिटायर झालो की इथेच यायचं.

पण वीस वर्षं बघितली ती दापोली डिसेंबरातली. बाकीचे अकरा महिने आम्ही बघितलेच नव्हते, आणि हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा पावसाळा जायला लागला.

पहिल्यांदा आम्ही जागा बघायला लागलो. एजंट म्हणाला मॅडम सी व्ह्यू प्लॉट आहे, चार गुंठे, रेट एकदम कमी, पुढच्या वर्षी दुप्पट होणार. ह्यांना जागा फारच आवडली, खरंच सुंदर होती, समोर काजूची झाडं आणि खाली समुद्राची पट्टी दिसत होती. मी फक्त सातबारा मागितला. सातबारावर अकरा नावं, सामाईक, त्यातली दोन माणसं वारलेली पण वारसनोंद नाही, इतर हक्कात कुळाची नोंद तशीच, आणि जमीन शेतीच, एनए म्हणजे बिगरशेती झालेलीच नाही. एजंट म्हणे एनए करून देऊ. आता आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो, आमच्या दोघांच्याही नावावर कुठे गुंठाभर शेत नाही, म्हणजे तो व्यवहार आमच्या नावाने होऊच शकत नव्हता. शिवाय भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतलं काही असलं की सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा प्रश्न वेगळाच. मी आयुष्यभर हेच कागद चाळलेत म्हणून मला कळलं, पण माझ्या टेबलासमोर किती रिटायर लोक रडकुंडीला आलेले मी बघितलेत, ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे टोकन आणि साठेखतात देऊन बसलेले. म्हणून कळकळीने सांगते, सातबारा, फेरफार आणि एनएची ऑर्डर हातात आल्याशिवाय हजार रुपयेसुद्धा देऊ नका. सातबारा तर आता ऑनलाइन घरबसल्या बघता येतो, गट नंबर तेवढा विचारून घ्या.

प्लॉट सोडला आणि मी ह्यांना म्हटलं, आधी भाड्याने राहून बघू. 2023 च्या जूनमध्ये हर्णै रस्त्याला एका वाडीत, दापोलीपासून 9 किलोमीटरवर, घर घेतलं. भाडं 5,500. कौलारू, मागे पोफळी, पुढे अंगण, जांभ्याच्या सात पायऱ्या. डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून आम्ही गेलो.

पहिला आठवडा स्वर्ग. मग पाऊस लागला. कोकणात पाऊस पडतो हे कुणाला माहीत नाही? दापोलीला वर्षाला साधारण 3,500 मिलिमीटर पडतो हेही आम्ही वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि दिवसरात्र कौलांवर तो आवाज ऐकत सलग एकोणीस दिवस घरात बसणं वेगळं. कपडे वाळत नाहीत, चादरी दमट, मीठ पाणी सोडतं, आगपेटीची काडी ओढली की गुल सुटून येतो. जुलैच्या मध्यावर मी ट्रंक उघडली, माझा लग्नातला शालू पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवला होता, तो काढला तर घडीवर हिरवट बुरशी, जर काळवंडलेली. चाळीस वर्षं जपलेला शालू. मी काही बोलले नाही, पडवीत दोरीवर टाकला आणि तिथेच बसून राहिले. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आमी चांगली लुगडी माहेरी घाटावर ठेवतो पावसात." त्यांना ते किती साधं वाटत होतं.

मासे हे ह्यांचं दापोलीला जायचं मुख्य कारण. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे दोन महिने हर्णैचं बंदर शांत. खाडीतलं काही मिळालं तर मिळालं, नाहीतर सुकट आणि बोंबील. आणि भाजी? बाजारात भाजीवाल्याला विचारलं एवढी महाग का हो, तर म्हणाला "घाटावरून येते ताई, कराड-साताऱ्याची गाडी, घाटात अडकली तर उद्या." म्हणजे आम्ही जी भाजी खात होतो ती साताऱ्याची! तेव्हा ते फक्त कानावरून गेलं.

आता लाइटचं सांगते, कारण माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. जुलैच्या शेवटी एका रात्री वारं सुटलं आणि लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशी आली नाही, रात्री आली नाही, एकूण जवळजवळ चाळीस तास. तिथल्या लोकांना ह्याचं फार वाटत नाही, मालक म्हणाले 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या पोफळी-माड सगळे आडवे झाले, घरावरचे पत्रे उडाले, कित्येक दिवस लाइट नव्हती, हे काहीच नाही. पण आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची पाच पेनं होती. फ्रिज उघडायचा नाही असं ठरवलं, पहिल्या रात्री ठीक, दुसऱ्या दुपारी आतली डिप फ्रीझरची पट्टी पाण्यात. मोबाइलला रेंज नव्हती, मी छत्री घेऊन वर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चालत गेले, तिथे दोन काड्या येतात, आणि डोंबिवलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले घाबरू नका, चालू पेन बाहेर राहिलं तरी चालतं, बाकीची थंड जागी ठेवा, बर्फात थेट घालू नका. बर्फ होता कुठे. परत आल्यावर काकूंनी त्यांचा जुना माठ आणून दिला, त्यात तळाला पाणी, वर पाट्याचा दगड, दगडावर स्टीलच्या डब्यात पेनं, माठाला ओलं फडकं. रात्रभर मी दर दोन तासांनी उठून फडकं ओलं करत होते आणि टॉर्चच्या उजेडात ह्यांच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत होते. पेनं वाचली. पण मी त्या रात्री मनात ठरवलं की ह्या माणसाला घेऊन इथे म्हातारपण काढायचं नाही.

त्याच महिन्यात, 19 जुलैच्या रात्री, रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. आमच्यापासून लांब, पण टीव्हीवर ते बघून लेक रोज दोनदा फोन करायची आणि रेंज नसली की तिकडे तिचा जीव वरखाली. आपण शांत जागी राहायला जातो खरं, पण मुलांची झोप उडते ह्याचाही हिशोब धरायला हवा. तिला पुण्याहून यायचं तर ताम्हिणी नाहीतर वरंधा घाट, पावसात दोन्हीकडे दरडींची भीती. मुंबईकडून यायचं तर मुंबई-गोवा हायवे, त्याचं काम किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहितीय.

ऑगस्टमध्ये हे त्या जांभ्याच्या पायरीवर घसरले. शेवाळ. उजवं मनगट मोडलं. रिक्षा यायला सव्वा तास लागला कारण वाटेत झाड पडलेलं. दापोलीत डॉक्टर चांगले मिळाले, प्लास्टर व्यवस्थित झालं, त्यांच्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण त्यानंतर दर आठवड्याला दाखवायला जायचं, रिक्षाचे जाऊन-येऊन 450, शिवाय औषधं, बँक, गॅस, प्रत्येक गोष्टीला दापोली. मी पहिल्यापासून रोजचा खर्च वहीत लिहिते, ऑगस्टची वही उघडली तर भाडं 5,500 आणि रिक्षा 4,150. डोंबिवलीत आमचा महिन्याचा प्रवासखर्च हजाराच्या आत होता. म्हणजे भाडं स्वस्त, भाजी महाग, रिक्षा महाग, आणि बेरीज जवळजवळ डोंबिवलीएवढीच. हृदयाचं वगैरे काही मोठं झालं तर तिथली माणसं चिपळूणच्या पुढे डेरवणच्या हॉस्पिटलला जातात नाहीतर थेट मुंबई गाठतात, ह्याचा तर मी हिशोबच केला नाही.

सप्टेंबरअखेर आम्ही परत आलो. हे फार नाराज होते. त्यांचं म्हणणं, चार महिने सहन केले की आठ महिने सोन्यासारखे. मी म्हटलं आपण सत्तरीकडे निघालोय, दर वर्षी चार महिने सहन करायची ताकद कमीच होत जाणार. ह्यावर आमची बरीच वादावादी झाली, दोन-तीन दिवस अबोलाही झाला. ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे, जे पन्नाशीतच रिटायर होतायत, ज्यांचं कोकणात स्वतःचं घर-माणसं आहेत त्यांनी खुशाल जावं, कोकणासारखं दुसरं काही नाही. तिथे म्हातारी माणसं राहतातच की, पण त्यांच्या आजूबाजूला तीन पिढ्यांची ओळख असते. आमची फक्त चार महिन्यांची होती.

मग शोध परत सुरू. सावंतवाडी बघितली, मोती तलावाच्या काठाने संध्याकाळी चाललो, इतकं शांत आणि टापटीप गाव आहे की मन लगेच बसतं. पण मोठं दुखणं आलं की तिकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात, आणि लेकीला पुण्याहून यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. कोल्हापूर ह्यांना आवडत होतं, दूध-भाजी-दवाखाने सगळं आहे, पण आम्ही बघत होतो त्या भागात 2019 ला आणि परत 2021 ला पुराचं पाणी आलेलं, तळमजल्याच्या भिंतीवर खूण दिसत होती. पुण्यात लेक म्हणाली सीनियर सिटिझन्सच्या प्रोजेक्टमध्ये घ्या, बघून आलो, चांगलं आहे, जेवण, नर्स, सगळी सोय, पण घराची किंमत आणि वर महिन्याचा मेंटेनन्स बघून आम्ही चहा पिऊन परत आलो. वाई मात्र सोडताना जिवावर आलं. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं गाव, मला वाटत होतं इथे एखाद्या जुन्या वाड्यात दोन खोल्या घ्याव्यात. पण पुन्हा तेच, मोठ्या दवाखान्याला साधारण 35 किलोमीटर सातारा. मग ह्यांनीच म्हटलं, प्रत्येक वेळी साताऱ्यालाच जायचंय तर साताऱ्यातच का राहू नये?

साताऱ्याला आमचं कुणी नाही. माझं माहेर ठाण्याचं, ह्यांचं गाव नगरकडे, आता तिथेही कुणी राहिलं नाही. ह्यावेळी मी जागा बघायची पद्धतच बदलली. घर नंतर, आधी रस्ता. सदर बझारमध्ये एक फ्लॅट होता, पहिला मजला, लिफ्टही आहे. मी हातात दोन किलोची पिशवी आणि छत्री घेऊन चालत निघाले आणि घड्याळ लावलं. किराणा चार मिनिटं, मेडिकल सहा मिनिटं, बँक नऊ मिनिटं, जिल्हा रुग्णालय ह्यांच्या चालीने बारा मिनिटं. रात्री साडेनऊला त्या मेडिकलमध्ये जाऊन ह्यांच्या इन्सुलिनचं नाव सांगितलं, त्याने फ्रिजमधून काढून समोर ठेवलं आणि वर म्हणाला संपलं तर फोन करा, पोरगा आणून देईल. बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं. सातारा उताराचं शहर आहे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतार खूप, वरच्या भागात गुडघ्याचं काम निघतं, त्यामुळे सपाट भाग धरून राहायचं हे पक्कं केलं. हेल्थ इन्शुरन्सच्या कॅशलेस यादीत साताऱ्यातली कुठली हॉस्पिटलं आहेत तेही आधी काढलं, तीन निघाली.

आणि आम्ही राहायला आलो 2024 च्या जूनमध्ये, मुद्दाम, पाऊस सुरू होताना. अकरा महिन्यांचा करार, भाडं 9,000. पाऊस इथेही आहे, झड लागते, आठवडाभर ऊन दिसत नाही, पण साताऱ्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, साड्या सुरक्षित आहेत. लाइट जाते, तासा-दोन तासांत येते. पावसाळा सरला की पंचवीस किलोमीटरवर कास पठार फुलतं, 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हापासून शनिवार-रविवार गर्दी फार, पण आम्ही आता इथलेच, मंगळवारी जातो.

खायचं म्हणाल तर बाजारात उभं राहिलं की समाधान वाटतं. परवा मेथीची जुडी घेतली, मुळांना अजून ओली माती, बाई म्हणाली "घ्या की काकू, सकाळीच उपटून आणलीय, उद्या काय अशी ऱ्हायची न्हाय." कोरेगावचा वाघ्या घेवडा, जावळीचा इंद्रायणी तांदूळ, माण-खटावची बाजरी, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. म्हशीचं दूध दारात. ह्यांच्या शुगरसाठी मी बाजरी-ज्वारी वाढवली आणि मागच्या दोन रिपोर्टात तीन महिन्यांची शुगर 8.4 वरून 7.3 वर आलीय, त्यात रोजच्या चालण्याचाही वाटा आहे.

पैशांचा हिशोबही सांगते, कारण तो विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो. डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही विकला नाही, रजिस्टर करार करून भाड्याने दिला, 14,000 येतात, सोसायटीचा मेंटेनन्स जाऊन इथलं भाडं निघतं आणि वर थोडे उरतात. माझे ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि कम्युटेशनचे मिळून 30 लाख पोस्टात सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये ठेवले, एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे, आम्ही ठेवले तेव्हा 8.2 टक्के व्याज होतं आणि पाच वर्षं तोच दर राहतो. दर तीन महिन्यांनी 61,500 येतात, म्हणजे महिन्याला 20,500. त्याला आम्ही सहसा हात लावत नाही, तो दवाखान्याचा पैसा. साताऱ्यात दोघांचा घरभाड्यासकट महिन्याचा खर्च 33 ते 36 हजारांत बसतो. ह्यात ह्यांचं इन्सुलिन, बाईचे पैसे, पेपर, सगळं आलं. हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता वेगळा, दोघांचा वर्षाला पन्नास हजारांच्या वर जात होता, सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, तेवढा दिलासा. ह्यांना अजून चार वर्षांनी सत्तर पूर्ण झाली की आयुष्मान ह्या सरकारी योजनेचं वय वंदना कार्ड काढायचंय, त्यात पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे.

आणि एसटी! माझं अर्धं तिकीट बाई म्हणून, ह्यांचं अर्धं 65 झाल्यामुळे. साताऱ्याच्या स्टँडवरून स्वारगेटला विनाथांबा गाड्या एकामागे एक सुटतात, खंबाटकी घाटात ट्रॅफिक नसेल तर अडीच तासांत लेकीच्या घरी. नातवाच्या शाळेच्या गॅदरिंगला आम्ही सकाळी निघून रात्री परत आलो. रेल्वेची सवलत 2020 ला बंद झाली ती झालीच, ह्याचं मला अजून वाईट वाटतं, रिटायर माणसाला तिचा फार आधार होता.

सगळं छान छान आहे असं मला भासवायचं नाही. पहिले तीन महिने फार जड गेले. डोंबिवलीत जिना चढता चढता चार माणसं बोलायची, इथे दार लावलं की दिवसभर फक्त आम्ही दोघं. हे गॅलरीत बसून राहायचे. मी एक दिवस त्यांना जवळजवळ ओढूनच ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला नेलं, आता ते तिथल्या सहलीचे हिशोब बघतात आणि सकाळी सहाला मित्र खालून हाक मारतात. मला नगर वाचनालयाने तारलं. एप्रिल-मेमध्ये ऊन चांगलंच तापतं. गणपतीत डीजेचा आवाज इतका की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि हार्टच्या पेशंटचं काय होत असेल असं वाटतं, ह्याबद्दल इथल्या मंडळांनी खरंच विचार करायला हवा. आणि मासे नाहीत. येतात, पण बर्फातून दोन दिवसांचा प्रवास करून. ह्यांनी एकदा आणले, काही न बोलता खाल्ले, परत आणले नाहीत.

आपण इथले झालो असं नक्की कधी वाटलं ते मात्र मला आठवतंय. समोरच्या वहिनी, त्या शाळेत शिक्षिका आहेत, एक दिवस सकाळी घाईत आल्या आणि एक किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "काकू ही तुमच्याकडेच राहू दे कायमची, मुलगा शाळेतून आला की घेईल." तोपर्यंत आमची फक्त तोंडओळख. फ्रिजच्या बाजूला खिळा ठोकून मी ती किल्ली लावली, अजून तिथेच असते, आणि आमची त्यांच्याकडे आहे. रात्री ह्यांची शुगर एकदा 52 ला उतरली होती, तेव्हा मी दार न ठोठावता फक्त फोनची एक रिंग दिली, ती दोघं नवरा-बायको किल्लीने दार उघडून आत, एकाने गाडी काढली आणि आम्ही दहा मिनिटांत दवाखान्यात. साखर दिल्यावर हे वाटेतच सावरले होते. कुठल्याही गावाच्या भावाच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं, आणि ते फक्त तिथे राहिल्यावरच कळतं.

घर विकत घ्यायचं का, हा लोकांचा पुढचा प्रश्न. अजून नाही. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनला गेलेला पैसा परत येत नाही, आणि आमच्या दोघांपैकी एकटंच कुणी राहिलं तर ते इथे राहील की लेकीजवळ, हे आज सांगता येत नाही. ह्या विषयावर आम्ही स्पष्ट बोललोय, अवघड गेलं पण बोललो. मी राहिले तर मी इथेच राहीन असं मला आज वाटतं. हे म्हणतात ते पुण्याला जातील. म्हणून करार दर वर्षी वाढवतो, मालक सांगलीला असतात, भले माणूस आहेत, ह्या वर्षी फक्त पाचशे वाढवले.

जानेवारीत आम्ही हर्णैला जातोय, चार दिवस, त्याच काकूंकडे. माठ परत करायचा राहिलाय, त्या म्हणाल्या होत्या असू दे पण मला तो द्यायचाय. ह्यांनी आत्तापासून एसटीची वेळ काढून ठेवलीय.

आणि परवा बँकेत हयातीच्या यादीवर, म्हणजे पेन्शनर हयात असल्याच्या वार्षिक नोंदीवर सही करून आले. माझी पेन्शन अजून ठाणे कोषागाराकडून येते, तिथल्या बँकेत गर्दीत उभं राहायला लागायचं म्हणून मागच्या वर्षी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला केला होता. ह्या वर्षी अर्ज करून सातारा कोषागारात बदली करून घेतली. काउंटरवरच्या मुलीने पत्ता बरोबर आहे ना असं विचारलं, मी वाचून बघितला, सदर बझार, सातारा, आणि खाली सही केली.